गच्चीवरचं न लिहिलेलं रीडिंग

टोकाला पिवळा गोळा बसवलेली काठी हातात घेऊन मी चौदा वर्षं नागपूरच्या गच्च्यांवर हिंडलो. कुणाला वाटायचं हा जमिनीतलं पाणी शोधतो, कुणाला वाटायचं मधमाश्यांचं पोळं काढायला आला. महाल भागातल्या एका बोळात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अडवून विचारलं होतं, "काय गा, कोळिष्टकं काढून राहिला का?" मी म्हटलं, "नाही आजोबा, मोबाईलच्या टॉवरचं रेडिएशन मोजतो आहे." त्यांनी मान वर करून टॉवरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग खाली कायले मोजते? टॉवर तं वर हाय." मी हसलो आणि पुढच्या घराकडे वळलो. आज वाटतं, तिथेच थांबून त्यांच्या प्रश्नाचा नीट विचार करायला हवा होता.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगणाऱ्या मित्राला माझ्याकडून गमतीदार किस्से हवे होते. ते आहेत, एखाददुसरा सांगतोही. पण कागद पुढे ओढला की मला प्रताप नगरातली एक लिफ्टची खोली दिसते आणि तिच्या भिंतीला टेकवलेली रंगाऱ्याची शिडी. ते आधी सांगून मोकळं व्हावं असं वाटतं.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. टॉवरवर किंवा इमारतीवर जे उभट पांढरे डबे दिसतात ते अँटेना. त्यांतून रेडिओलहरी निघतात. एक्स-रे जसा शरीराच्या आरपार जाऊन आतली मोडतोड करू शकतो तशा या नसतात. पण त्या पुरेशा जोरदार असल्या आणि माणूस पुरेसा जवळ असला तर अंग तापवतात, एवढं सगळ्यांना मान्य आहे. त्यापलीकडे काय होतं आणि काय होत नाही यावर जाणकारांत वाद आहेत, आणि मी जाणकार नाही. मी मोजणारा. सरकारने एक मर्यादा ठरवून दिलेली आहे, आणि ती बऱ्याच देशांच्या मानाने कडक आहे. माणसं वावरतात त्या जागी लहरींचा जोर त्या मर्यादेच्या आत आहे की नाही, हे पाहून कागदावर लिहायचं, हा माझा धंदा. आमची एजन्सी खाजगी होती. कधी कंपन्या बोलवायच्या, कधी एखाद्या नागरिकाने सरकारकडे अर्ज केला म्हणून जावं लागायचं.

या लहरींचा एक गुण बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. बॅटरीचा झोत जसा समोर पडतो तसा अँटेनाचा जोर समोर जातो, जरासा खाली झुकून. बरोबर टॉवरच्या पायथ्याशी उभं राहिलात तर मीटर जवळजवळ झोपलेलं असतं. लोक मात्र पायथ्यालाच घाबरायचे. मी मीटर त्यांच्या डोळ्यांपुढे धरायचो, "पाहा, काही नाही," म्हणायचो, आणि ते निवांत व्हायचे. मलाही बरं वाटायचं. माणसाची भीती घालवणं हे पुण्याचं काम आहे अशी माझी समजूत होती.

त्यात कळमन्याच्या एका मिरचीच्या अडत्याने भर घातली. मार्केट यार्डाजवळ टॉवर लागल्यापासून आपल्या मिरचीचं वजन घटतं, अशी त्याची तक्रार होती. त्याने मला पोत्यासमोर उभं केलं. "याले लावून पाहा तुमचा गोळा." मी लावला. मीटर एकदम चढलं. अडत्या ओरडला, "पाहा! पाहा!" भोवती हमाल जमले. मी त्याला म्हटलं, "शेटजी, आधी खिशातला फोन काढून लांब ठेवा." त्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन फोन होते. ते काढल्यावर मीटर खाली आलं. हमाल असे हसले की अडत्याही हसला आणि त्याने मला संत्र्याचा रस पाजला. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं ऑफिसात सांगितला. त्यातून आमची एक सवय पक्की झाली, तक्रार आली की आधी हसायचं. तक्रार करणाऱ्याच्या खिशात फोन असणारच, हे आम्ही धरून चालायचो.

मालतीबाईंचा अर्ज आला तेव्हाही ऑफिसात कोणीतरी म्हणालं, "उमाठे, जा, बाईंच्या खिशात हात घाला."

मालतीबाई प्रताप नगरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. समोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला अँटेना ठोकलेल्या होत्या, बाईंच्या गॅलरीतून सरळ दिसत. मी सकाळी अकराच्या सुमारास पोचलो. मोबाईल कंपनीचा माणूस गच्चीची किल्ली घेऊन आधीच आला होता. त्याला मी इथे राऊत म्हणतो. हे त्याचं खरं नाव नाही, आणि का नाही ते पुढे कळेल.

दार उघडल्या उघडल्या बाईंनी स्वतःचा फोन बंद करून टेबलावर ठेवला. माझाही बंद करायला लावला. मग एक वही उघडली.

"तुम्ही कुठे कुठे मोजणार?"

"गेटपाशी, रस्त्यावर, तुमच्या गॅलरीत, बेडरूममध्ये."

"केव्हा?"

"आताच."

"सकाळी अकरा वाजता लोक कामावर असतात. टॉवरवर भार संध्याकाळी असतो. तेव्हा का नाही?"

मी म्हटलं, "बाई, पूर्ण भार धरून कंपनी कागदावर गणित करते. ते आमच्याकडे असतं."

"गणितातले आकडे कोण देतं?"

"कंपनीच."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि तुम्ही आज येणार हे कंपनीला माहीत होतं?"

"किल्ली त्यांच्याकडे असते ना. कळवावंच लागतं."

तेही लिहिलं. रागावल्या नाहीत. शाळेत परीक्षक आले की बाई जशा अदबीने पण सावध असतात, तशा त्या माझ्या मागे मागे हिंडल्या. गेटपाशी काही नाही. रस्त्यावर काही नाही. गॅलरीत थोडं जास्त, पण मर्यादेच्या पुष्कळ खाली. बेडरूममध्ये त्याहून कमी. मी म्हटलं, "बाई, निर्धास्त राहा."

"तुम्ही मोजून राहिले ते चूक आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "माझी काळजी मिटली. पण तो माणूस पाहा."

समोरच्या लिफ्टच्या खोलीच्या भिंतीला शिडी लावून एक रंगारी भिंत घासत होता. अँटेनांच्या मधली जागा घासण्यासाठी तो शिडीवरून बाजूला वाकत होता, आणि वाकला की त्याच्या तोंडाची डावी बाजू एका पांढऱ्या डब्याच्या अगदी पुढ्यात येत होती. हातभरही अंतर नसेल.

"परवापासून आहे तो तिथे," बाई म्हणाल्या. "सकाळी नऊ ते पाच. त्याच्यापाशी मोजा."

"ती जागा अर्जात नाही, बाई. ती पब्लिकची जागा धरत नाहीत. तिथे बोर्ड असतो."

"तो माणूस पब्लिक नाही का?"

मी राऊतला घेऊन समोरच्या गच्चीवर गेलो. बाईंनी विचारलं म्हणून गेलो की स्वतःला पाहावंसं वाटलं म्हणून, हे आता नक्की सांगता येत नाही.

रंगाऱ्याचं नाव शालिक. चाळिशीतला, सडपातळ, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला. आम्हाला पाहून शिडीवरून उतरला. मी विचारलं, "काही त्रास होते का रे इथे?"

"त्रास असा नाई जी. पण त्या डब्याजवळ गेलं का कपाळ तपते. उन्हाचं तपणं मले माहीत हाये, हे येगळंच हाये. आतून आल्यावानी."

मी शिडीच्या चार पायऱ्या चढलो आणि पिवळा गोळा त्याचं तोंड जिथे येत होतं तिथे धरला. मीटरला एक इशारा असतो. मर्यादा ओलांडली की ते कर्कश वाजतं. चौदा वर्षांत मी तो इशारा प्रत्यक्ष कामावर मोजक्याच वेळा ऐकला असेल. त्या दिवशी तो वाजला आणि थांबेना. पडद्यावरचा आकडा वर सरकत राहिला. मी काठी मागे घेतली, पुन्हा धरली. पुन्हा तेच.

आमच्या मीटरवर आकडा साठवायचं बटण असतं. दाबलं की वेळ, जागा आणि आकडा कायमचा आत राहतो, नंतर तो पुसता येत नाही. ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

राऊत खालून म्हणाला, "उमाठे साहेब, हा पब्लिक एरिया नाही. बोर्ड लावला आहे आम्ही."

बोर्ड होता. गच्चीच्या दाराच्या आतल्या अंगाला, इंग्रजीत. दार उघडं राहिलं की तो भिंतीकडे तोंड करून असायचा.

मी बटण दाबलं नाही. मला कोणी धाक घातला नव्हता, कुणी काही देऊ केलं नव्हतं. फक्त एवढंच डोक्यात आलं की हा आकडा फॉर्ममध्ये कुठे लिहिणार? त्याला रकाना नाही. लिहिला तर ऑफिसात दहा प्रश्न, कंपनीशी पत्रव्यवहार, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या नावावर अमरावतीकडच्या वीस जागा होत्या. मी मीटर बंद केलं.

खाली उतरून शालिकला म्हटलं, "त्या डब्यापुढे फार वेळ उभा राहू नको."

"काहून जी?"

"बस, नको राहू."

तो म्हणाला, "गुरवारी मालकाच्या पोरीचं लगन हाये. तोवर दोन हात मारून द्या लागते." मी राऊतला म्हटलं, काम होईपर्यंत हा सेक्टर, म्हणजे या बाजूची अँटेना, बंद करता येईल का पाहा. तो म्हणाला पाहतो. मी बंद झालं का हे विचारायला फोन केला नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, मोजलेल्या सर्व ठिकाणी पातळी मर्यादेच्या आत. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. जिथे ती आत नव्हती तिथे मी कागदोपत्री मोजलंच नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी मालतीबाई रिपोर्टची प्रत हातात घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. मॅनेजर त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावायच्या बेतात होते, पण त्या सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

"तुम्ही शिडीवर चढला होता. मी गॅलरीतून पाहिलं. मीटर वाजत होतं, तेही ऐकू आलं. तो आकडा यात कुठे आहे?"

मी म्हटलं, "ते अधिकृत मोजमाप नव्हतं, बाई."

"मग काय होतं?"

त्यांनी रिपोर्टची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मी मुलांना एकच गोष्ट सांगायची. प्रयोगात अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला, तर तोच आधी वहीत लिहा. जुळणारे आकडे नंतर लिहिले तरी चालते." आणि उठून गेल्या. मॅनेजर हसत म्हणाले, "गेली ना एकदाची?" मीही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

सात-आठ महिने गेले. एका दुपारी बाईंचा फोन आला. शालिकला त्यांनी त्यांच्या खिडक्या रंगवायला बोलावलं होतं. खिडकीची चौकट रंगवताना त्याचा ब्रश सारखा काचेवर जात होता. बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, डाव्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. बाई त्याला स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मोतीबिंदू निघाला.

"डॉक्टरांनी विचारलं, डोळ्याला मार लागला होता का, वेल्डिंग करतो का, साखर आहे का. सगळ्याला नाही. मग मी अँटेनाचं सांगितलं. ते म्हणाले, उन्हात काम करणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू होतो, बहुतेक तेच असेल. अँटेनाचा संबंध आहे की नाही हे तिथे जोर किती होता ते कळल्याशिवाय बोलता येणार नाही. किती होता, उमाठे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा ना. किती होता?"

"बाई, मी साठवला नाही."

त्यांनी फोन ठेवला.

मला त्या दिवसापासून खरी बेचैनी लागली. टॉवरमुळे त्याचा डोळा गेला असं मला वाटत होतं म्हणून नव्हे. मला आजही माहीत नाही. कदाचित डॉक्टरांचंच बरोबर असेल. नागपूरच्या उन्हात वीस वर्षं भिंतीवर टांगून घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांचं दुसरं काय होणार? तो आकडा असता तर कदाचित त्याने कंपनीला निर्दोष ठरवलं असतं, आणि शालिकच्या मनातली शंका तरी मिटली असती. दोन्हींपैकी काहीही होऊ शकलं असतं. मी दोन्ही वाटा बंद करून ठेवल्या होत्या.

मी पुन्हा मोजायला गेलो. रजा टाकून, पण ऑफिसला सांगून. गच्चीवर गेलो तर जुने डबे उतरवलेले, त्यांच्या जागी नवीन आलेले. या नव्या अँटेनांची तऱ्हा न्यारी असते. त्या एकसारखा झोत सोडत नाहीत. कोणी समोर फोन वापरत असेल तर त्याच्या दिशेने झोत वळवतात, नाहीतर शांत असतात. मी गोळा धरला, मीटर ढिम्म. मग एका ओळखीच्या माणसाला समोरच्या रस्त्यावर उभं करून फोनवर मोठा व्हिडिओ डाउनलोड करायला लावला, आणि त्याच जागी आकडा भराभर चढला. त्याने फोन बंद केला, आकडा उतरला. यांतला कुठला आकडा लिहायचा? आमच्या धंद्यात आता हा नवा पेच आहे. सध्याचं मोजमाप तो पुरतं सोडवतं असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. पण माझ्यापुढचा प्रश्न साधा होता. त्या दिवशीच्या शालिकसमोरच्या जोराचा आता काहीही पुरावा उरलेला नव्हता.

खाली चहाच्या टपरीवर राऊत भेटला. त्याची त्याच भागात दुसरी साइट होती. मी त्याला शालिकच्या डोळ्याचं सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"साहेब, एक सांगतो, पण माझं नाव घेऊ नका. तुम्ही यायचे होते म्हणून त्या दिवशी सकाळीच पॉवर कमी करून ठेवली होती. वरून तसं सांगणं होतं. तुम्ही पाहिलं ते कमी केलेलं होतं."

"आणि मी गेल्यावर?"

"दुपारी पुन्हा पहिल्यासारखी केली."

"सेक्टर बंद करायचं म्हटलं होतं मी."

"तुम्ही पुन्हा काही विचारलं नाही, साहेब. मले वाटलं तुम्ही त्या रंगाऱ्यासमोर म्हणून बोलले."

राऊतवर मी चिडू शकलो नाही. त्याने माझं बोलणं जसं घेतलं तसंच ते होतं.

त्याच आठवड्यात मी एक निवेदन लिहिलं. अमुक इमारतीवर मी मीटर घेऊन गेलो होतो, अँटेनासमोर एक मजूर काम करत होता, मीटरचा इशारा सतत वाजत होता, मी नोंद केली नाही, आणि मजुराला धोक्याची नीट कल्पना दिली नाही. मॅनेजरनी ते वाचलं आणि दार लावून घेतलं. "उमाठे, निवृत्तीला वर्षही राहिलं नाही. हे काहून करून राहिले? तुमच्यावरच उलटेल." मी म्हटलं, उलटू द्या. एक प्रत सरकारी कार्यालयात दिली, एक कंपनीला पाठवली. मला फील्डवरून काढून जुन्या फाइली लावायला बसवलं. शेवटचे महिने मी तेच केलं.

तिसरी प्रत घेऊन मालतीबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचलं. मी त्यात मला आठवत होता तो आकडाही लिहिला होता. त्यांनी पेन घेऊन त्यावर आडवी रेघ मारली.

"हा तुम्हाला नक्की आठवते?"

"साधारण."

"मग नाही लिहायचा. 'आकडा आठवत नाही, पण मर्यादेच्या वर होता' असं लिहा. तेवढंच तुम्ही शपथेवर सांगू शकता."

मी तसं नव्याने लिहून तिन्ही ठिकाणी दिलं. त्यांनी मला चहा विचारला. क्षमेसारखं त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही आणि मीही मागितली नाही.

त्या कागदाने फार काही झालं नाही. कंपनीने उत्तर पाठवलं की त्यांच्या सर्व साइट नियमांप्रमाणे आहेत. मात्र दोनेक महिन्यांनी त्या गच्चीचं दार कायम कुलपात राहू लागलं, बोर्ड मराठीत झाला आणि दाराबाहेर आला. वर काम करायचं तर आधी कुठे फोन करून अँटेना बंद करून घ्यायची, ते त्यावर लिहिलेलं आहे. आसपासच्या दोन इमारतींवरही तसे बोर्ड लागले. बाईंनी गॅलरीतून पाहून मला कळवलं.

शालिकच्या डोळ्याचं ऑपरेशन एका धर्मादाय दवाखान्यात झालं आणि दिसायला लागलं. पण उंचीचा अंदाज चुकतो म्हणून तो आता शिडीवर चढत नाही. खालच्या मजल्यांची पुट्टी, दारं, खिडक्या एवढंच घेतो. आधी त्याची ख्याती उंचावरच्या कामाची होती. ठेकेदार मोठ्या इमारतींसाठी त्याला शोधत यायचे. आता नाही येत.

त्याला तोंड दाखवायला मी सगळ्यांत शेवटी गेलो. खरं तर सगळ्यांत आधी जायला हवं होतं. तो शहराबाहेरच्या वस्तीत दोन खोल्यांत राहतो. बायको वनिता शिलाई मशीनवर बसलेली होती. तिने खुर्ची पुसून दिली. मी निवेदनाची प्रत काढली आणि वाचून दाखवली. दोघंही शेवटपर्यंत ऐकत होते.

वनिता म्हणाली, "याचं काय होईन जी?"

"बहुतेक काहीच नाही होणार," मी म्हटलं. "पण लिहिलेलं असावं."

शालिकने कागद घेतला, घडी केली, उघडला, पुन्हा घडी केली.

"साहेब, त्या दिवशी ते तुमचं यंत्र कोकलत होतं. आकडा तुमच्यासमोर होता. मले काहून नाई सांगितला?"

मी खरं ते सांगायचं ठरवून आलो होतो. म्हणून सांगितलं. "मला वाटलं तुला काय समजणार त्यातलं."

तो रागावला नाही. कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले होते. त्यातला एक उचलून त्याने माझ्यासमोर धरला आणि त्यावरच्या बारीक छापील ओळींवर बोट ठेवलं.

"हे पाहा. पाणी किती टाकाचं, किती घंटे सुकू द्याचं, एका लिटरात किती भिंत होते. वीस वर्षं झाले वाचून राहिलो. येक आकडा चुकला तं सगळी भिंत पापडते." त्याने डबा खाली ठेवला. "आकडा समजते मले, साहेब."